तुझी साइडकार आणि पंक्चरचं पाणी

माय,

भुशाची शेगडी मी केली. धान उफणायचा पंखा मी केला, अंगणातलं फाटक बिजागऱ्यांसकट मी केलं, आणि गुडघ्यांमुळे तुला स्कूटरवर मागे बसता येईना तेव्हा तुझी साइडकारही मीच केली. आयटीआयचं तोंड न पाहता. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. पहिल्याच फेरीत पवनीच्या रस्त्यावर डबकं लागलं आणि तळाच्या फटींतून पाणी वर आलं. लुगडं पिळत तू म्हणालीस, "काहून रे, मले माहेरी नेऊन राहिला का आंघोळीले?" घरी येऊन मी एकेक सांधा खरवडला आणि पुन्हा वेल्डिंग केलं. त्यानंतर तुझा पदर कधी भिजला नाही.

आता आज काय झालं ते ऐक! इंजिनचा सिलिंडर बोअर करायचं मशीन माझ्याकडे नाही, म्हणून स्कूटर शहापूरला, हायवेवरच्या गॅरेजात दिली होती. बजावलं होतं, साइडकार काढायची तर बोल्ट खोला, नीट सावलीत ठेवा. आज जातो तर स्कूटर एकटीच उभी. बोल्ट जसेच्या तसे, साइडकार जोडणारे पाइप मात्र गॅसने कापलेले! साइडकार कुठाय विचारलं, तर मालकाने हनुवटीने आपल्या पुढ्यात दाखवलं. तू बसायचीस तिथे काठोकाठ काळं पाणी, आणि त्यात ट्यूब बुडवून तो पंक्चर शोधून राहिला.

"अरे, माह्या मायची जागा आहे ते!"

"गरम काहून होता काकाजी? आमची टाकी फुटली होती. पण कोणं बनवलं हो हे? महिना झाला, एक थेंब गळला नाही!"

पाना उचलून त्याच्या डोक्यात घालावा असा राग आला, माय, आणि त्याच क्षणी छाती फुगली. वाकून तळाखालून हात फिरवला. कोरडा ठाक!

पाणी ओतून टाकलं. भंगाराच्या ढिगातून तुझी सीट काढली, धुतली, आणि त्याच्याच वेल्डिंग मशीनवर पाइप जोडायला बसलो. त्याचा कारागीर म्हणतो, "चाक तिरपं होऊन राहिलं, काकाजी." म्हटलं, तिरपंच पाहिजे बाबू, तोंड जरासं आत. सरळ लावशील तर गाडी डावीकडे ओढते. किक मारली आणि हायवेवर फेरी मारून आलो. हँडल सोडलं तरी सरळ!

तू गेलीस, आता हे पत्र टाकायचं कुठे, घरीच राहील. म्हणून सांगून टाकतो. परत आलो तर मालक गाडीभोवती फिरायला लागला. "इथंच ठेवा काकाजी, नवरदेव बसवून वरातीले किरायानं देईन. इंजिनचं काम फुकट, वरून वीस हजार." नाही म्हणणार तर मी होतोच. पण आधी ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि पलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने त्याला आकडा पुन्हा बोलायला लावला. वीस हजार, माय.