केस घ्यायचे की द्यायचे

९ मार्च
वर्ध्याहून आत्ताच आलो. घेतलं! इतकी वर्षं समुद्रपूरच्या आमच्या कृषी केंद्रात बसून लोकांना कपाशीची, तुरीची औषधं देतोय, आज स्वतःच्या टाळूसाठी केस उगवायच्या औषधाची बाटली आणली. त्वचारोगवाल्या डॉ. मॅडमनी भिंगातून पाहिलं. म्हणाल्या, मुळं बारीक झालीत, पण मेलेली नाहीत. मी खुर्चीतून उठलोच जवळजवळ! एकतीस वर्षांत कोणी मला इतकं चांगलं काही सांगितलं नव्हतं. बीपी मोजलं, हृदयाचा काही त्रास आहे का विचारलं. नाही. "चार महिने तरी रोज लावायचं आणि घाई करायची नाही."
१ मिली., स. + सं. कोरड्या टाळूवर. केसांवर नाही, कातडीवर. मग हात धुणे. छातीत धडधड, चक्कर, सूज असं काही झालं तर बंद करून फोन.
आईने आर्वीच्या पाहुण्यांना माझा जो फोटो पाठवलाय तो कॉलेजातला आहे. कपाळावर झुलपं! मुलगी अश्विनी, बँकेत आहे. बघण्याचा कार्यक्रम पोळ्याच्या आधी. म्हणजे वेळ आहे. तोवर फोटो खरा करायचा.

१३ मार्च
बाबा ड्रॉपर पाहून: "एवढुशानं काय होते? ढक्कनभर टाक ना!"
दुकानात हेच दिवसभर ऐकतो. जास्त फवारलं की पीक जळतं, हे सांगून तोंड दुखतं, आता घरीही तेच. बाबा म्हणे, "टाळूले वावर समजते, मंग टकलाचा सातबारा काढून घे आधी."
आई खोबरेल घेऊन मागे. तह झाला: तेल फक्त रविवारी, न्हायच्या आधी. औषधावर नाही.

२ एप्रिल
गळतायत! उशीवर, कंगव्यात, मोरीच्या जाळीत.  दुकान उघडायच्या आधी डॉ. मॅ. ना फोन. "जुने कमजोर केस जातात, मग नवे येतात. काही आठवडे असं होतं. घाबरून थांबवू नका."
म्हणजे गळणं ही चांगली बातमी! दिवसभर खुशीत.
आईला सांगितलं तर, "केस गयून राह्यले अन् हा पोट्टा हासून राह्यला. कोणतरी फसवलं तुले."

११ मे
आज घरात महाभारत. पल्लवी (धाकटी, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला) आरशासमोर किंचाळली. "दाद्या, मले मिशा येऊन राह्यल्या!"
मिशा नाहीत. पण दोन्ही गालांवर लव आहे खरी, उन्हात चमकते.
दुपारी एकदम ट्यूब पेटली. मी सकाळी औ. लावतो आणि लगेच दुपट्टा करकचून बांधून बाहेर पडतो. इथल्या उन्हात दुपट्ट्याशिवाय बाहेर पडणारा एक तर पाहुणा, नाही तर वेडा. घरी आलो की दुपट्टा खुंटीला. क्लासला जाताना पल्लवी तोच ओढून तोंडाला गुंडाळते, स्कूटीवर, घामात. महिना दीड महिना हेच चाललंय! टाळूत किती गेलं आणि दुपट्ट्याने किती पिलं, देव जाणे.
डॉ. मॅ. नी फोनवर मला झापलं. पूर्ण वाळू द्यायचं, मगच बांधायचं. दुपट्टा, टॉवेल, उशीची खोळ माझं वेगळं. पल्लवीची लव आपोआप जाईल, पण काही महिने लागतील.
फार वाईट वाटलं. परीक्षेच्या तोंडावर पोरीला रडवलं. पण खरं लिहायचं तर मनात एक मोर नाचत होता: औषध लागू पडतंय! न राहवून तिला तसं म्हणालो. तिने कंगवा फेकून मारला.

१२ मे
पल्लवीला नवा दुपट्टा, तिच्या पसंतीचा. अजून बोलत नाही.

२८ जून
उगवण!!
दुकानात बियाण्याला रांग, मान वर करायला फुरसत नाही. जेवायला घरी आलो तेव्हा पल्लवीने (बोलायला लागली) मोबाईलचा टॉर्च धरला. "हाव रे दाद्या, हाय! बारीक बारीक हाय!"
भुरकट, मऊ, बाळाच्या डोक्यासारखं. गिऱ्हाइकांसमोर तीनदा हात गेला टाळूवर. हात लावायचा नाही.

१९ जुलै
काळे होतायत. विरळ, पण काळे! आर्वीचा निरोप: पुढच्या महिन्यात सोळा तारखेला येतो. त्या फोटोतली झुलपं काही होणार नाहीत, पण आडवा भांग पाडला तर टाळू झाकली जाते. आज पाडून पाहिला. आई डोळे पुसत बसली, वेडी.

३० जुलै
वडनेरचे आजोबा गेले. बाबांचे काका. नव्वदी ओलांडलेली. सकाळी "चहात साखर कमी हाय" म्हणाले आणि मान टाकली. मला पोहायला त्यांनीच शिकवलं, कमरेला वाळलेला भोपळा बांधून.
त्यांना मुलगा नाही. भाऊकीतल्या पुरुषांनी केस द्यायचे.
बाबा मला बाजूला घेऊन: "तू नोको देऊ. पाहुणे येऊन राह्यले. मी देतो, तेवढं पुरे."
मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, याची लाज वाटली.

८ ऑगस्ट
दहावा. नदीवर न्हाव्यापुढे बाबा, दोन चुलतकाका आणि एक चुलतभाऊ बसले. मी झाडाखाली उभा, डोक्याला रुमाल.  कोणी टोकलं असतं तर बरं झालं असतं.
पाच महिने जीव टाकून केस घेतले. आता ते आजोबांना द्यायचे नाहीत, तर कोणाला द्यायचे?
जाऊन बसलो. बाबा "अरे, अरे" करत राहिले. वस्तरा टाळूवर आला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं. आजोबांसाठी किती आणि केसांसाठी किती, ते मला कळलं नाही.
दोन जागी चिरलं. डॉ. मॅ.: चिरा भरेपर्यंत औ. लावायचं नाही. "चार-आठ दिवसांनी काही जात नाही. रोज दाढी करता, म्हणून दाढी यायची थांबली का?" हसूच आलं. सुतकात.

१२ ऑगस्ट
काल तेरवी आटोपली. आज आईच्या डोक्यात प्रकाश पडला.
"पाह्य ना बाप्पा, आता काईच समजत नाई! पाच चमनगोटे एका रांगेत बसले, तर त्यातला खरा टकला कोणता, पाहुण्यांले काय समजते?"
बाबा म्हणे, "काकानं जाता जाता तुहं काम केलं."
खरंच की! कोणी खोटं बोलायचीही गरज नाही. फोटोत केस आहेत, केस दिले, येतील परत. मी अंगणात अक्षरशः उडी मारली. रविवारची भीतीच संपली!

१६ ऑगस्ट
आले. अश्विनीचे वडील माझ्या डोक्याकडे पाहून म्हणाले, "आजकालचे पोट्टे केस देत नाईत. तुम्ही देल्ले. संस्कार हायेत." आई-बाबा मान डोलावतायत. मीही.
मग आम्हा दोघांना मागच्या अंगणात पाठवलं. अश्विनी फोटोपेक्षा बडबडी, छान. म्हणाली, "एवढे दाट केस होते तुमचे. वाईट नाई वाटलं?"
हो म्हणायचं होतं. एक शब्द. तोंडात आलाही होता.
म्हटलं, "दाट नव्हते."
आणि मग थांबेचना! फोटो कोणत्या सालचा, बाटली, दुपट्टा, पल्लवीचे गाल, हे औषध बंद केलं तर आलेले केस पुन्हा जातात, सगळं. पल्लवीच्या गालांचं ऐकून ती इतकी हसली की आतून आईने डोकावून पाहिलं. मग तिने विचारलं,
"हे सांगतलं काऊन? मले समजलंच नसतं."
"उगवल्यावर समजलं असतं."
तिने माझ्या डोक्याकडे नीट पाहिलं, चिरांसकट. "मंग उगवू द्या," म्हणाली आणि आत गेली.
तिचे वडील जाताना, "कळवतो."

१९ ऑगस्ट
आईला सांगितलं. "तोंडाले कुलूप लावता नाई आलं?" जेवण वाढलं, पण भाजी आपटून. पल्लवीने मात्र पाठीत गुद्दा मारला, प्रेमाचा. आर्वीहून काही नाही. चिरा भरल्या, औ. पुन्हा सुरू. छाती धडधडते, पण ती औषधाने नाही.

२५ ऑगस्ट
दुकानात फोन. नंबर अनोळखी.
"अश्विनी बोलते. उगवलं का?"
मी काउंटरवर, समोर भाजीवाले एक काका सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, बियाणं घ्यायला आलेले. हात टाळूवर गेला. खोटं बोलवेना. "कडेला चांगलं उगवलं. मधे विरळ आहे. अजून सांगता येत नाही."
"किती दिवस लागतात?"
"डॉक्टर म्हणतात, खरं काय ते वर्षभरात दिसतं."
 मग, "बरं. मी घरी अजून हो-नाई काई सांगतलं नाई. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करून विचारते."
फोन ठेवला तर काका काळजीने: "कोणाच्या वावरात उगवलं नाई हो? पेरलेलं मोडून टाकते का?"
म्हटलं, "नाई काका. थांबून पाहतो म्हणते."