टिटवीचं लंगडणं

ताई,

तुला नमस्कार आणि तुझ्या पोरीला एक गालगुच्चा.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. दोन आठवड्यांत कुणाशी भांडलो नाही, हे आईला मुद्दाम सांग.

विमानतळावर पक्षी हाकलायचं काम आहे. धावपट्टीजवळच्या गवतातली अंडीही उचलावी लागतात. पक्षी विमानाला धडकला तर माणसं जातील, हे मला पटतं. तरी टिटवीची अंडी दिसली की मी न बघितल्यासारखं करायचो.

तू सांगायचीस ती गोष्ट आठवते? टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते, लंगडत आपल्याला लांब नेते आणि अंडी मागे सुखरूप राहतात. कॉलेजात ही गोष्ट 'तिला' सांगितली तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. म्हणून परवा जेवताना इथे सगळ्यांना सांगितली. वाटलं, ह्यांनाही दया येईल.

मुकादम म्हणाला, "शहाण्या, हे आधी नाही का सांगायचंस? आम्ही उगाच तिच्या मागे पळायचो."

आता टिटवी लंगडायला लागली की सगळे उलट्या दिशेला वळतात. काल तीन घरटी सापडली. सांगितलेली गोष्ट परत कशी घ्यायची गं?

'तिचं' लग्न ठरलं का? ठरलं असेल तर कळवू नकोस.

आज एक टिटवी माझ्यासमोरच लंगडायला लागली. बाकीचे मागे थांबून, खाली वाकून गवत चाळत होते. मी फसल्यासारखा तिच्या मागोमाग चालत राहिलो, पार कुंपणापर्यंत. तेवढंच जमलं.

तुझा,
तापट भाऊ