दारात घुटमळणाऱ्यांची सोय

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीतूनच घातलाय, उठायला सवड नाही, गोड मानून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? आतोबांचा खोकला थांबला का? मी मजेत आहे, आणि ऑफिसात आवाजाच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही एका गेममध्ये घर बांधलंय. खेळणारा बागेत असला की पाखरं ऐकू येतात, दिवाणखान्यात शिरला की पियानो. एकाचा आवाज हळूहळू उतरवायचा, त्याच वेळी दुसऱ्याचा चढवायचा, एवढंच माझं काम. मध्यावर दोन्ही बरोबर निम्मे केले, तर आवाज खचल्यासारखा वाटतो, म्हणून तिथे दोन्ही जरा चढे ठेवले (ही अक्कल माझीच). एका दुपारीत उरकलं आणि साहेबांना म्हटलं, या, ऐकाच. आले, हेडफोन चढवले, आणि हा भला माणूस गेममधल्या घराच्या नेमका दारात थांबला! एक पाऊल आत, बागेत काहीतरी राहिलं म्हणून परत बाहेर, पुन्हा आत. माझ्या हिशेबी दारातून गेलेला माणूस गेला तो गेलाच. त्यामुळे दर पावलाला सगळं पहिल्यापासून: पियानो धाडकन पूर्ण आवाजात, पाखरं फटकन मुकी. साहेब दचकून खुर्चीसकट मागे सरकले. सोमवारी गिऱ्हाईक येणार, तोवर जमलं नाही तर हे काम शेजारच्या टेबलाला, म्हणाले. (शेजारच्या टेबलावरचा गृहस्थ माझ्या चुका मोठ्याने वाचून दाखवतो.)

आणि मग तू आठवलीस. अगं, माणसं दारातून जात नाहीत, दारात राहतात, हे मी तुझा भाचा असून विसरलो! "निघते हं" म्हणून तू चपला घालतेस, एक पाय बाहेर ठेवतेस, आणि तिथून पुढे पाऊण तास आई दार धरून उभी. आता मी असं केलंय, की खेळणारा मागे वळला तर आवाज ज्या पातळीवर असेल तिथूनच वळतो. कुणीही यावं, हवं तेवढं घुटमळावं. मला कसलीही काळजी नाही.

तुझा लाडका (आणि एकुलता एक) भाचा

ता. क. काळजी थोडी आहे. तपासलं मी एकट्याने, आणि मला दारात रेंगाळताच येत नाही, सरळ आत जातो. रविवारी ये. हेडफोन लावून त्या घराचा निरोप घे, तुझ्या पद्धतीने. तुझ्यासमोर टिकलं, तर सोमवार माझा.

ता. क. २ बाकीचे पाहुणे गेले की आपलं घर एकदम गप्प होतं. तू जातेस तेव्हा तसं होत नाही. हे आईला दाखवू नकोस. दार तिलाच धरावं लागतं.