कुलपाचे फोटो

राहुरी, चेतनची खोली
सोमवार, १६ जून २०२५, सकाळचे सात

पंकजा,

सात फेब्रुवारीला कँटीनच्या मागं तू माझा मोबाईल हातात घेतलास आणि गॅलरी उघडलीस, तिथंच माझं सगळं फिरलं. लोकांना वाटतं परीक्षेच्या दिवशी फिरलं. लोकांना काहीही वाटतं.

बाकी मी बरा आहे. तुझी खुशाली तुमच्या शेजारच्या शुभांगीकडून कळते. उद्या तिसऱ्या वर्षाच्या फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि तुझे आबा सही करत नाहीत, हेही तिनंच सांगितलं. त्यावर येणारच आहे. आधी मला थोडा राग काढू दे, नाहीतर पुढचं लिहिता येणार नाही.

पहिला राग चेतनचा. एका खोलीत दोन वर्षं राहिलो, तरी नगरच्या मनाच्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या आजाराचं नाव सांगितल्यावर परवा म्हणतो, "मलाबी ओसीडी हाय गड्या, मला चपला सरळ लागत्यात." मी विचारलं, चपला सरळ करता करता तुझा पेपर बुडाला का कधी? तर दात काढून हसला.

दुसरा राग वडिलांचा, आमच्या दादांचा. त्यांचं म्हणणं ठरलेलं. आमच्या शिंगणापुरात घराला नुसती चौकट, दार नाही, कुलूप नाही, कुत्रं शिरू नये म्हणून फार तर फळी लावायची. "देवाच्या भरवशावर वाढलेलं पोरगं तू, राहुरीत जाऊन कुलपावर भरवसा ठिवला, म्हनून ही साडेसाती." आई दर शनिवारी तेल वाहते आणि लगेच फोन करून सांगते, वाहिलं. दुपारी परत फोन, "सांगितलं व्हतं ना रं मी तुला?" मी म्हटलं, आई, नगरला दोघंच जाऊ, डॉक्टरीणबाई एकाच फीमध्ये बघतील. चिडली माझ्यावर.

तिसरा राग तुझा. खरंच आहे. तुला मुळा धरणावरचा आपला फोटो हवा होता. तू वर सरकवत गेलीस. कडी, कुलूप, कडी, कुलूप. सकाळचं कुलूप, दुपारचं कुलूप. "गोरख, ह्याच्यात मी कुठंय?" मी खरं तेच सांगितलं, की मोबाईल भरला होता, जागा करायला धरणाचे फोटो काढून टाकले. तू आधी हसलीस. मग म्हणालीस, "मग कुलपाशीच लग्न कर." मी मोबाईल आपटला आणि निघून गेलो. तुला वाटलं मला तुझा राग आला. मला लाज वाटली होती. माझ्या तोंडावर दोन्ही सारखीच दिसतात, त्याला मी काय करू.

ते फोटो कशाला काढायचो ते आता ऐक. वर्गात बसलो की डोक्यात यायचं, दार लागलं का? लावलं होतं. हातानं ओढून पाहिलं होतं. तरी ते 'लागलं' आत कुठं पोचायचंच नाही. मग फोटो बघायचो. दोन मिनिटं बरं. मग वाटायचं, हा कालचा तर नाही? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासलं की बरं वाटतं, आणि बरं वाटतं म्हणूनच पुन्हा तपासावं लागतं, खरूज खाजवल्यासारखं. हा आजार आहे, म्हणाल्या, तुमचा स्वभाव नाही आणि देवाचा कोपही नाही. मला इतकी वर्षं वाटत होतं मी एकटाच असा येडा आहे. त्यांच्याकडं बाहेर बाकावर एक कंडक्टर बसले होते, तिकिटं दिली का म्हणून अख्खी गाडी परत परत मोजणारे. आम्ही एकमेकांकडं बघितलं आणि दोघंही खाली बघायला लागलो.

मी कुलूप आणि कंडक्टर सांगत बसलोय. मुद्दा टाळतोय. तुला माझी सवय आहे.

मार्चमधला भूगोलाचा पेपर सकाळी अकराला होता. खोलीतून साडेनऊला निघालो. चालत दहा मिनिटं लागतात. वडाच्या झाडापर्यंत जायचो आणि मागं फिरायचो. आठ वेळा. तिसऱ्या वेळी घरमालकीण बनुबाई ओट्यावरून म्हणाल्या, "काय रं, काय इसरलं?" आठव्या वेळी त्या उठून आत गेल्या. फाटकाशी पोचलो तेव्हा पावणेबारा. सर म्हणाले, आता घरी जा. मी त्यांना नाही नाही ते बोललो, हॉलतिकीट फाडून त्यांच्या टेबलावर टाकलं. म्हणजे भांडण झालं हे खरं आहे. पण भांडणामुळं पेपर बुडाला नाही. पेपर बुडाला म्हणून मी भांडलो.

संध्याकाळी दादा खोलीवर आले. "काय झालं? कॉलेज का सोडतो म्हनतोस?" माझ्या आधी चेतनच म्हणाला, "काका, पोरीचा नाद. घोडेगावची हाय."

आणि मी गप्प बसलो.

मी हो म्हटलं नाही, पण नाहीही म्हटलं नाही. पोरीपायी वाया गेलेला पोरगा म्हटलं की लोक शिव्या देतात, पण त्यांना कळतं. कडीपायी वाया गेला म्हटलं असतं तर? मला ते सोपं वाटलं, पंकजा. ते बोलणं पंधरा दिवसांत बाजारात, बाजारातून तुझ्या आबांच्या दोर-दाव्यांच्या दुकानात पोचलं. पुढं तुझा मोबाईल गेला, कॉलेज गेलं.

दार उघडं राहिलं तर काय होईल म्हणून मी मरायचो, माहीत आहे? कुणी आत शिरेल, चेतनचा लॅपटॉप जाईल, त्याचं वर्ष जाईल आणि ते माझ्या हातानं. चेतनचं काही गेलं नाही. वर्ष तुझं जायला लागलंय, माझ्या हातानं, आणि तिथं मात्र मी तीन महिन्यांत एकदाही मागं फिरून बघितलं नाही.

म्हणून आज साडेआठच्या सोनईच्या गाडीनं निघतोय, तिथून घोडेगाव. दुकानात जाऊन आबांना सांगणार, की तुमच्या पोरीनं माझं काही बिघडवलेलं नाही, ती माझ्यामागं अभ्यासाला बस म्हणून लागायची. डॉक्टरांचे कागद सोबत घेतलेत. "तो आला तर कासराच काढतो" असं आबा म्हणाले, हे शुभांगीनं सांगितलंय. काढू देत, मारू देत. सही झाल्यावर काढावा एवढंच. पाकीट चिकटवलेलं नाही. हे पत्र आधी त्यांनी वाचावं, मग तुला द्यावं. खाडाखोड तशीच ठेवलीय, नव्यानं उतरवून काढायला बसलो तर गाडी जाईल.

गोळ्या चालू आहेत. बरा झालोय असं नाही. डॉक्टरीणबाईंनी अभ्यास असा दिलाय, की कुलूप एकदाच लावायचं, ओढून बघायचं नाही, फोटो नाही, आणि कुणाला 'लागलं ना?' विचारायचं नाही. आतापर्यंत कोपऱ्यावरच्या हॉटेलपर्यंत जाऊन अकरा मिनिटं थांबलोय. घोडेगाव त्याच्या बरंच पुढं आहे.

'राग नाही ना?' हे मी तुला दिवसातून वीस वेळा विचारायचो. तेही त्यातलंच, म्हणाल्या बाई. इथं ते विचारायला जागा आहे. विचारत नाही.

आठ वाजून दहा मिनिटं.

हे खाली जिन्यावरून लिहितोय, वही गुडघ्यावर आहे, म्हणून अक्षर असं. दार लावलं, कुलूप घातलं, एकदाच. नीट लागलं का माहीत नाही.

निघालो.

गोरख