दुकानातला कॉम्प्युटर मोडीत न काढण्याबाबत

मी, खाली सही करणारा, धंद्याने नावाच्या पाट्या कोरणारा, वय वर्षे अडुसष्ट, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि डोके ठिकाणावर असताना लिहीत आहे. पाय मात्र ठिकाणावर नाहीत; एवढ्या ओळीत तीनदा उठलो. गुरुवारी छातीचे ऑपरेशन आहे. बायको म्हणते, "एवढी कसली घाई? आधी दोन घास खा." लिहून झाल्याशिवाय घास उतरणार नाही, हे तिला कोण सांगणार.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा शब्द काढू नये.

२. माझे घड्याळ मुलाला. त्याने दुकानात कधी लक्ष घातले नाही याचा मला राग होता. तो राग कोणाच्याही वाट्याला देत नाही, इथेच सोडतो.

३. दुकान, छिन्न्या, कानशी आणि कोरायचे यंत्र मुलीचे. अकरा वर्षे तीच चालवते. दोन अक्षरांत किती जागा सोडावी हे तिला माझ्याहून चांगले कळते. तोंडावर कधी म्हटले नाही, म्हणून लिहून ठेवतो.

४. यंत्राला जोडलेला जुना कॉम्प्युटरही तिचाच. तो बदलू नये, त्याची मेमरी वाढवावी. मोठी पाटी उघडायला घेतली की चहा उकळतो, पिऊन होतो, कप विसळून होतो, तरी पडद्यावर अर्धेच नाव. मुलगा म्हणाला, "बाबा, हे डबडं भंगारात द्या, मी नवा आणतो." मुलगी म्हणाली, "आणि यंत्राची ही रुंद केबल कुठे लावू? तुझ्या नाकात?" तिचे खरे आहे. नव्याला ती केबल लागत नाही आणि आमचा जुना प्रोग्रॅमही त्यावर चालत नाही. हा गेला तर यंत्र मुके आणि पोरीचे हात रिकामे. तरी मी दोघांसमोर गप्प बसलो. का, ते पुढे. (पाणी पिऊन आलो.)

५. दोन वर्षांपूर्वी मेमरी वाढवायला मीच निघालो होतो. कॉम्प्युटर जोडून दिला होता माझ्या धाकट्या भावाने. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो. त्याला न विचारता मी मेमरीची पट्टी आणली. ती नव्या जातीची निघाली, खाच जुळेना. पाटी बसली नाही की कड घासायची, ही माझी चाळीस वर्षांची सवय. आतली जुनी पट्टी काढली, कानस घेतली, नवीची खाच घासून तिच्या जागी सरकवली, अंगठ्याने दाबली. जळका वास आला आणि पडदा काळा.

आदल्याच दिवशी भावाने आतली धूळ काढली होती. त्याला बोलावून गिऱ्हाइकासमोर म्हणालो, "हात लावशील तिथे वाट लावतोस!" त्याने उरलेल्या जागेत जुनी पट्टी बसवून कॉम्प्युटर चालू करून दिला. स्क्रू-ड्रायव्हर खिशात घातला. "बरं दादा. यापुढे हात लावणार नाही." त्यानंतर तो दुकानाची पायरी चढला नाही.

चूक माझी होती. त्याची काडीची नव्हती.

६. मेमरी वाढवता येते की कॉम्प्युटरच बदलावा लागेल, हे भाऊ उघडून पाहील. त्याचा शब्द अखेरचा. तो 'बदला' म्हणाला तर कलम चारमधला माझा हट्ट रद्द समजावा.

७. भावाला मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार म्हणून तोच हवा आहे. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो म्हणे. याने वाचावा. मी जिवंत असताना, माझ्यासमोर बसून.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. अक्षर कुठे कुठे वाकडे आहे, मजकूर सरळ आहे.

ठिकाण: दुकानाची मागची खोली
मंगळवार, १७ मार्च

सही: पाट्यावाला

साक्षीदार १: शेजारचा चष्मेवाला (सही)

साक्षीदार २: सख्खा धाकटा भाऊ (सही)
सहीखाली त्याच्या अक्षरात: सगळे वाचले. घासलेली पट्टी मला त्याच दिवशी दिसली होती, दादा. तू कधी बोलतोस याची वाट बघत होतो. आत्ताच उघडून पाहिले. एकच जागा जळाली आहे, दुसरीत मोठी पट्टी बसेल. उद्या घेऊन येतो. बसवताना शेजारी बस, हात मात्र लावू नकोस.