वसुधा जिवंत होते

४ फेब्रु., पिंप्राळा
सकाळी धुळ्याची आक्का, बाबांची थोरली बहीण, रिक्षातून रडतच उतरली. दारावर आलेली, सांत्वनाला. माझ्याच. दार उघडलं तर मटकन पायरीवर बसली. "माय वं, तू ते जित्ती शे! बठ्ठा गाव रडना." शेजारणीच्या टीव्हीवर माझा हार घातलेला फोटो दिसला म्हणे. मग डोळे पुसत विचारते, कावळा शिवना व्हता का? कावळा अंगाला शिवला की अपशकुन टळावा म्हणून नातेवाइकांत मेल्याचा खोटा निरोप धाडतात, त्यातलंच वाटलं तिला. मला हसू आलं. आई हसली नाही, आत जाऊन देवापुढे दिवा लावून आली.

५ फेब्रु.
झोप नाही. सगळं त्या निरंजनमुळे. 'झंझा' मालिकेत मी उडणारी, गुंडांना लोळवणारी झंझा. तो खलनायक काळोख. दर रविवारी त्याला आपटायचे आणि पोरं टाळ्या पिटायची. पुढे माझ्या वाट्याला काय? चेटकीण. मुकी मोलकरीण. एका गुन्ह्यांच्या मालिकेत नुसतं प्रेत, तेही चादरीखाली. तो मात्र हीरो झाला, वर निर्माता. आपल्या मालिकेत बायकोची भूमिका दिली मला, वसुधा. वाटलं, जुनी ओळख ठेवली. पण सेटवर लोक "झंझा, झंझा" करत माझ्याचभोवती, तसं याच्या पोटात दुखलं. वसुधा घाटातल्या अपघातात गेली. तेही फोनवरच्या एका वाक्यात. तेव्हापासून हा दर भागात माझ्या फोटोला हार घालून रडतो आणि रडण्याची बक्षिसं घेतो.
मेल्या, थांब.

१९ फेब्रु.
देव आहे. मालिका आपटली! आता वसुधाला परत आणायचंय. नि.चा स्वतःचा फोन, आवाजात नुसता मध. शूटिंग धुळ्याजवळ, लळिंगच्या किल्ल्यावर. मोठी भूमिका, भरपूर संवाद. मला कामाची गरज आहे हे त्याला पक्कं ठाऊक. येते म्हटलं, पण आधी आमच्या आक्काच्या दारात येऊन हात जोडायचे, मी जिवंत आहे असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं. तो हसला. मी नाही. शेवटी हो म्हणाला. अडला हरी. गाढव व्हायला माझी ना नाही.

२ मार्च, धुळे
आला. गॉगल लावून. ओटा बायकांनी भरलेला, सगळ्या मीच बोलावलेल्या. आक्काला मालिका-बिलिका कळत नाही, तिच्या लेखी हा माझा नवराच. "बायको जित्ती शे अन् तू फोटोले हार घाला? लाज नही वाटनी तुले?" त्याने हात जोडले, चूक झाली म्हणाला. बायका फिदीफिदी हसल्या. वाटलं होतं पोट भरेल. कुठलं.
गाडीत बसताना हळूच म्हणाला, "झालं समाधान? उद्या जपून. वसुधा परत घाटात जाऊ शकते."

३ मार्च, लळिंग
सीनचे कागद हातात आले. पहिलाच सीन: वसुधा किल्ल्याच्या दरवाजात उभी, नवरा थक्क, ती पुढे होऊन त्याच्या कानशिलात लगावते. पुन्हा वाचलं. तेच लिहिलंय.
नि. दिग्दर्शकाला सांगतोय, कॅमेरा मागून लावा, हात गालाला लागायला नको, आवाज नंतर टाकू. माझ्याकडे बघत नाहीये. इतके रविवार याला मारलं, एकदाही खरं लागू दिलं नाही. फार सांभाळलं मी याला.
सकाळी आईचा फोन. गप काम कर, किती दिवसांनी तोंड उघडायची भूमिका मिळालीय. खरं आहे तिचं. हे गेलं तर पुन्हा चादरीखाली...
मेकअपवाली म्हणते, ताई, अंगठी काढून द्या, सरांच्या गालाला लागेल.
म्हटलं, घट्ट बसलीय गं, निघत नाही.
बोलावताहेत. जाते.