लखमाचा थांबा

२ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. वसमतला गाडीतून उतरलो तर विकासने सांगितल्याप्रमाणे चाँद पाशा ऑटो घेऊन उभा. माझी मोठी स्क्रीन त्याने मागच्या सीटवर स्वतःच्या गमछ्याने बांधली आणि मला सांगितलं, की तुमी पडलात तरी चालेल, टीव्ही पडणार न्हाई. तो टीव्ही नाही हे मी दोनदा सांगून पाहिलं. कुरुंदा येईपर्यंत त्याने मला मॅच कुठल्या चॅनेलवर लागते ते विचारलं.

विकासचा तांडा कुरुंद्याच्या पुढे आहे. विकास शहरात माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. त्याच्या लग्नासाठी म्हणून इथे वरच्या मजल्यावर स्लॅबची खोली बांधली होती, ती लग्नाची वाट बघत रिकामी पडली आहे. मला शांतता हवी होती, त्याच्या आईवडिलांना घरात माणूस. भिकाबाईंनी आल्या आल्या ज्वारीची गरम भाकरी वाढली आणि विकास तिकडे रोज काय खातो याची उलटतपासणी घेतली. धनसिंगकाका कमी बोलतात. मी करतो काय, एवढंच त्यांनी विचारलं. म्हटलं, जमिनीखालून धावणाऱ्या रेल्वेचा नकाशा काढतो. ते हसले. म्हणाले, मग बराबर गावाला आलात.

याचा अर्थ कळला नाही. खोलीतून वाळत घातलेली हळद दिसते, सगळं अंगण पिवळं. मजेत आहे.

५ फेब्रुवारी

धनसिंगकाकांच्या बोलण्याचा अर्थ आज कळला. दुपारी काम करत असताना जमिनीतून गडगड आली. ट्रक घराखालून गेल्यासारखी. मांडणीवरचे पितळी डबे वाजले, स्क्रीन हलली. मी जिना उतरून अंगणात धावलो. भिकाबाई हळकुंडं पालथी करत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, काही न्हाई, जमीन बोलून राहिली. गेली काही वर्षं या पट्ट्यात असं होतं म्हणे. साहेब लोक यंत्रं लावून गेले. सुरुवातीला माणसं रात्र रात्र बाहेर झोपली, आता कुणी चहासुद्धा खाली ठेवत नाही.

भुयारी रेल्वेचा नकाशा काढणाऱ्याला यापेक्षा योग्य जागा मिळाली नसती, असं मी विकासला कळवलं. त्याने हसण्याची चित्रं पाठवली.

काम चांगलं चाललंय. अधिकृत नकाशा म्हणजे सांडलेल्या शेवया. माझ्या नकाशात रेषा फक्त सरळ किंवा तिरपी, वळण एकाच मापाचं, आणि गाडी बदलायची जागा लांबून दिसणारी. मला कुणी हे करायला सांगितलेलं नाही. पण माझा आधीचा नकाशा हजारो लोकांनी फोनमध्ये ठेवला होता. नवा महिनाअखेर एका प्रवासाच्या ॲपला द्यायचा आहे.

९ फेब्रुवारी

वसमतहून सामान आणलं. तांड्याच्या अलीकडे रस्त्याकडेला चपटा, बसायच्या उंचीचा दगड आहे. भोवती झाड नाही, पाणी नाही. तिथे चाँद पाशाने हॉर्न दाबला आणि खड्डा असूनही ऑटो पळवला. माझं डोकं वर आपटलं. तो बिस्मिल्ला पुटपुटला. मागे बसलेल्या तांड्यातल्या दोन बायका ‘चला, चला’ म्हणाल्या, गुरांना म्हणतात तसं.

विचारलं तर म्हणाला, ही लखमाची जागा. इथे कुणी थांबत नाही. हात केला तरी एसटी थांबत नाही. काहून, असं मी त्याच्याच भाषेत विचारलं. म्हणाला, ‘साब, आपला रूट न्हाई त्यो.’

नाव आवडलं. लखमा.

१३ फेब्रुवारी

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे. नकाशात कुठेतरी एक खोटी गोष्ट पेरून ठेवायची. कुणी नकाशा चोरला, की ती खोटी गोष्टही चोरीला जाते आणि चोर सापडतो. मागचा नकाशा एका वेबसाइटने उचलला होता आणि मला काही सिद्ध करता आलं नव्हतं.

या वेळी हिरव्या मार्गावर, दोन स्टेशनांमध्ये लांब बोगदा आहे तिथे, मी एक नसलेलं स्टेशन घातलं. जागा अरुंद होती, तीनच अक्षरं मावत होती. लखमा.

एवढंच कारण. आणखी काही नव्हतं.

२० फेब्रुवारी

तपासायला नकाशा विकासला पाठवला. तो रोज हिरव्या मार्गाने कामाला जातो. त्याने एक स्पेलिंग पकडलं, आणि लखमा बघून लिहिलं, की वा, आमच्या म्हाताऱ्याला मेट्रो मिळाली, आईला सांगू नको, चप्पल काढील. नकाशा आज ॲपवर गेला.

गडगड हल्ली दिवसातून बरेचदा येते.

२५ फेब्रुवारी

चोर सापडला. त्याच वेबसाइटने नकाशा जसाच्या तसा उचलला, रंग तेवढे बदलले, आणि लखमा तिथेच. त्यांच्याकडून तो व्हॉट्सॲपवर इतका पसरला की मलाच दोघांनी पाठवला. इतका आनंद झाला की जेवताना मी तो किस्सा रंगवून सांगितला. स्टेशनाचं नावही सांगितलं.

भिकाबाई भाकरी थापत होत्या. हात थांबला. त्यांनी धनसिंगकाकांकडे पाहिलं, मग तव्यावरची भाकरी जळू दिली. धनसिंगकाका ताटावरून उठले.

मी एकटाच जेवलो.

२६ फेब्रुवारी

सकाळी चहा आला नाही. अंगणात गेलो तर बायका हळद सोडून आत गेल्या.

दुपारी धनसिंगकाका वर आले, उंबऱ्याबाहेरच बसले. सांगितलं ते असं. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलुखभर नेत. त्याला लदेणी म्हणत. मुक्काम कुठे करायचा ते एकच माणूस बोलायचा. तो पुढे जाऊन जागेवर बसायचा आणि मागचा शेवटचा माणूस येईपर्यंत उठायचा नाही. लखमाने त्या दगडावर मुक्काम बोलला. निम्मी लदेणी आली, मागची निम्मी आलीच नाही. लखमा उठला नाही. आलेल्यांनी वाट पाहिली आणि मग ते पुढे गेले. म्हणून तिथे कुणी थांब म्हणत नाही. त्याच्या नावाने पुन्हा कुणी मुक्काम बोलला, की तिथे माणसं उतरायला लागतील. लखमा सुटेल. मग बोलणाऱ्याने बसायचं.

मी समजावलं, की ते कागदावरचं स्टेशन आहे, चारशे मैलांवरच्या शहरातलं. ते म्हणाले, लदेणीलाबी कागद नव्हता, बोलणंच होतं.

नाव खोडून टाका, असं त्यांनी म्हटलं नाही. मीच विचारलं. तर म्हणाले, तुमचं खोडाल. लोकांच्या फोनमधलं?

१ मार्च

ॲपवरून स्टेशन काढून टाकलं. चोराला मेल केली, उत्तर नाही.

विकासचा फोन आला. हसत होता, पण नेहमीसारखा नाही. आज सकाळी गाडी बोगद्यात थांबली. घोषणा झाली नाही. दारं उघडली. बाहेर फलाट होता, दिवे नव्हते, पण पिवळसर उजेड होता, आणि घरच्यासारखा वास. शिजलेल्या हळदीचा. डब्यातला एक माणूस हातातल्या फोनवर नकाशा बघून उतरला. दारं बंद झाली.

मी त्याला म्हटलं, दुसऱ्या मार्गाने जा. तो म्हणाला, फार फिरून पडतं रे.

कसंही कर, पण दुसऱ्या मार्गाने जा, असं मी पुन्हा सांगितलं.

२ मार्च

पिण्याच्या पाण्याचा हंडा जिन्याखालून उचलून नेला आहे. दुकानात गेलो, दुकानदाराने फळी खाली ओढली. मी येताना दिसलो की लोक मुलांना आत घेतात आणि हलक्या आवाजात म्हणतात, चला, चला.

मला.

३ मार्च

गडगड आली. आजवर ती घराखालून निघून जायची. उत्तरेकडून येऊन दगडाच्या बाजूला विरायची.

आज ती थांबली.

दगडाखाली कुठेतरी थांबली, आणि थोड्या वेळाने पुन्हा निघाली. डबे वाजले, शांत झाले, वाजले. मी आयुष्यभर तो आवाज ऐकलाय. ब्रेक लागतो, दारं उघडतात, मिटतात.

भिकाबाई अंगणात ताठ उभ्या होत्या. वर माझ्या खिडकीकडे बघत.

४ मार्च

विकास कामावर पोचला नाही. फोन लागत नाही. त्याच्याबरोबर जाणाऱ्या पोराशी बोललो. हिरव्या मार्गानेच गेले होते. उशीर झाला होता म्हणाला. गाडी बोगद्यात थांबली तेव्हा विकास दाराशी होता. बाहेर कुणाला तरी बघून म्हणाला, अरे, हे तर आपल्याकडचे लोक. आणि उतरला. पोराला वाटलं, स्टेशन आलं असेल. नकाशावर होतंच.

खाली जाऊन सांगावं लागलं. भिकाबाईंनी ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. महिनाभर मला तुमी म्हणत होत्या.

‘माझं लेकरू तुझ्या थांब्यावर उतरलं. तूच आणायचं.’

कसं, असं विचारलं. धनसिंगकाका म्हणाले, बोलणारा जागेवर नसला तर उतरलेले खालीच फिरत राहतात. तो बसला, की एकेकाला वर घेऊन ‘चला’ म्हणून पुढे धाडता येतं. असंच ऐकलंय. करून कुणी पाहिलं न्हाई.

मी पोलिसांकडे जातो म्हणालो. दोघांपैकी कुणी अडवलं नाही. तेच जास्त वाईट वाटलं.

५ मार्च

चाँद पाशाला फोन केला. तीनदा कापला, मग आला. स्क्रीन घेतली नाही, बॅग तेवढी. भर उन्हात निघालो. तांडा दारादारांत उभा. एकानेही शिवी दिली नाही, दगड मारला नाही. फक्त बघत होते.

लखमाच्या जागेवर त्याने हॉर्न दाबला, वेग वाढवला. ऑटो बंद पडला. थेट दगडासमोर. त्याने किती किका मारल्या. मग खाली उतरून माझी बॅग रस्त्यावर ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘माफ करना भाई. मेरेकू भी बच्चे हैं.’

मी उतरताच ऑटो चालू झाला.

दगड रिकामा नव्हता. धुळीच्या रंगाचा म्हातारा. हात कोपरापर्यंत पिवळे. त्याने मला विचारलं, सगळे आले का.

मी पळालो. तांड्याकडे, कारण दुसरीकडे रस्ताच दिसेना —

६ मार्च

खोलीचं दार आतून लावलंय. पाणी नाही. गडगड येते, थांबते. येते, थांबते. फोनवर अनोळखी लोकांचे मेसेज येताहेत. लखमा स्टेशनवरून बाहेर पडायचा रस्ता नकाशात का दाखवला नाही? आम्ही कधीचे इथे —

मी रस्ता काढलाच नव्हता. खोट्या स्टेशनाला कुणी बाहेर पडायचा रस्ता काढत नाही.

एक मेसेज विकासचा. इथे तुझ्या नावाने विचारताहेत. ये ना.

खाली भिकाबाई दाराशी बसून आहेत. दार ठोठावत नाहीत. नुसत्या बसून आहेत.

७ मार्च

दगडावर आहे. वही मांडीवर.

मी येताना दिसलो आणि म्हातारा उठला. मला वाटलं होतं काही बोलेल. गुडघे धरून उठला, जागा हाताने झाडून दिली आणि शेताकडे निघून गेला. मागे वळला नाही.

बसलो. दगड गरम.

गडगड आली. थांबली. रस्त्याखालच्या कोरड्या ओढ्याच्या नळीतून, वाकून, एकेक जण —

चला म्हणतो आहे. चला. चला. सूटवाले, बॅगवाले, एक बाई पोर घेऊन. पिवळे. डोळे चोळत जाताहेत रस्त्याने. बैल नाहीत, पण त्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजतात —

विकास.

आला. मला ओळखलं नाही. भूक लागली म्हणाला. भिकाबाई रस्त्यापलीकडे उभ्या होत्या. आज तांडा सगळा आला होता, दगडापासून लांब. भिकाबाईंनी त्याच्या अंगावर पदर टाकला आणि घेऊन गेल्या. मी हाक मारली. कुणी थांबलं नाही. इथे थांबत नाहीत.

झालं. तो आला. आता मी उठतो.

—

उठता येत नाही.

शेवटचा माणूस येईपर्यंत. चोराची साइट अजून चालू आहे. किती जणांच्या फोनमध्ये —

एसटी गेली. हात केला. ड्रायव्हरने हॉर्न दाबला, पळवली.

खाली पुन्हा येते आहे. मी ओरडतो आहे, थांबू नका, पुढे चला, पुढे — ब्रेक लागला. दारं —

भरून आली आहे. सगळे हातात फोन धरून माझाच नकाशा बघताहेत, आणि सगळ्यांत पुढे जो आहे तो वाकून वर येताना मला विचारतो आहे, सगळे